शेवंती विरुद्ध गरुड

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की पटावरचं पांढरं प्यादं वाढत होतं. पहिल्यांदा दोन मिलिमीटर, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. मी पर्समधल्या पट्टीने मोजून खात्री करून घेतली. ज्याच्याकडे कॅमेरा वळे ते वाढे. बाकीचं आहे तेवढंच राही.

सांगलीच्या त्या सभागृहात संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम डाव चालू होता. एका बाजूला तारळेकरांचा प्रोग्रॅम ‘गरुड’, दुसऱ्या बाजूला मी लिहिलेली ‘शेवंती’. खेळत होते प्रोग्रॅम. पडद्यावर येईल ती चाल लाकडी पटावर करणं, एवढंच आमचं काम. गेल्या वर्षीपर्यंत असल्या डावांना पंच आणि चहावाला सोडून कोणी फिरकत नसे. यंदा गरुडच्या चाहत्यांच्या मंडळाने जाहीर केलं की शेवंती ही गरुडची नक्कल आहे. त्यावर शेवंती मंडळाने त्यांचा फलक उतरवून नाल्यात टाकला, आणि सहा वाहिन्या आल्या.

विसाव्या चालीला राजे माझ्या खांद्याला लागले. तिसाव्या चालीला हत्ती पंख्यांपर्यंत पोचले आणि पंखे बंद करावे लागले. पट चारही भिंतींना टेकला. एक सोंगटी हलवायला दोन्ही मंडळांतले मिळून बारा जण लागू लागले.

"नक्कलवाल्यांनो, नीट धरा!"

"तुमच्याच वजिराचं बूड जड आहे, आम्ही काय करणार?"

तारळेकरांच्या इतक्या मुलाखती झाल्या होत्या की ते छताखाली मान वाकवून बसले होते. माझी कोणी घेतली नव्हती. मी पाच फूट एक इंचच होते.

बेचाळिसावी चाल झाल्यावर तारळेकर वरून म्हणाले, "बरोबरी करू या, बाई. आता जागाच उरली नाही."

बरोबरी मागणं आणि देणं प्रोग्रॅमच्या हातात नसतं. चालवणाऱ्या माणसाने ते तोंडाने सांगायचं, असा नियम आहे. बरोबरी झाली तर करंडक दोघांचा आणि दोन्ही प्रोग्रॅम जोडून एकच करायचा, असं मंडळांनी कॅमेऱ्यांसमोर ठरवून टाकलं होतं. त्याचं नाव गरुडच राहणार होतं. शेवंती हरली, तर ती नक्कल ठरणार होती.

चाली निवडताना बरोबरीचा किती तिटकारा करायचा, हे सांगणारा एक आकडा प्रोग्रॅममध्ये भरता येतो. अकरा वर्षं मी तो शून्य ठेवला होता. सदतीस डावांत समोरच्याने बरोबरी मागितली आणि सदतीस वेळा मी ‘मान्य’ म्हटलं. डाव चालू असताना आकडा बदलता येत नाही.

आमच्या मंडळाचे हेरवाडे हत्ती आणि भिंत यांच्यामध्ये अडकले होते. "घ्या की बाई," ते म्हणाले. "श्वास घेता येईना झालाय. निम्मा करंडक तर निम्मा."

"विचार करते."

"अकरा वर्षं तेच करताय की!"

शेवंतीचा पडदा मात्र वीतभरच होता. त्याचं चित्र कोणाला नको होतं. मी वाकून वाचलं. चाल घोड्याची होती. शेजारी कोण किती पुढे आहे याचा आकडा होता, अधिक शून्य पूर्णांक चार शतांश. म्हणजे एका प्याद्याचा पंचविसावा हिस्सा. पण तो आमच्या बाजूला होता.

माझं घड्याळ पळत होतं. तारळेकरांची पाठ छताला लागली होती. हेरवाड्यांचा आता फक्त एक हात दिसत होता.

"बाई, उत्तर द्या," पंच म्हणाले आणि सहाही कॅमेरे माझ्याकडे वळले.

दुखलं नाही. आधी माझे डोळे घोड्याच्या कानांपाशी आले, मग तारळेकरांच्या डोळ्यांपाशी. ते समोर पाहत होते, मग वर पाहू लागले. माझ्या डोक्याने छताचा पत्रा उचलला तेव्हा मोठा आवाज झाला आणि सभागृहात ऊन पडलं.

बाहेर भरपूर हवा होती. रस्त्यावर, गच्च्यांवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर दोन्ही मंडळांची माणसं होती. खाली पट मला पहिल्यांदाच पूर्ण दिसला, चौसष्टच्या चौसष्ट घरं. बारा जण घोड्याला हात लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. घड्याळात नऊ सेकंद होते.

"बरोबरी नाही," मी म्हणाले. "घोडा उचला."