साठ व्हायोलिनांची उचकी

सिनेमातली नायिका समुद्रात हरवली होती, नायक वाळूत गुडघे टेकून रडत होता, थिएटरातल्या बायका डोळे पुसत होत्या, आणि नेमके तेव्हाच आत्मारामबुवा खुर्चीतून उडाले आणि ओरडले, "अरे, ही माझी उचकी!"

त्यांच्या बायकोने, जनीने, शर्ट धरून त्यांना खाली ओढलं. "अवो, बसा की! लोकं बघतायत."

पण बुवा कसले बसतात! पडद्यामागून साठ व्हायोलिनं रडत रडत वर चढत होती, अगदी टोकाजवळ येऊन एकदम गप्प होत होती आणि पुढचा सूर धरून पुन्हा सुरू होत होती. एकदा नाही, चारदा. चारही वेळा बुवा उठले, आणि चौथ्या वेळी बॅटरीवाला त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. थिएटरातून हाकलला जाणारा इतका खूश माणूस रत्नागिरीने पाहिला नसेल.

या उचकीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर बुवांना वेड लागलं असंच तुम्हाला वाटेल.

बसस्थानकामागच्या गल्लीत बुवांचं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसा शाळेचे गणवेश आणि ब्लाउज, संध्याकाळी भजन. आसपासचे बाकीचे बुवा सिनेमाच्या चालीवर खुशाल देवाला नाचवतात. गाणं गाजलं की आठवड्यात त्यावर गजर तयार. आत्मारामबुवा मात्र डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, पेटीवर बोट ठेवण्याआधी बजावायचे, "आमच्याकडं उसनी चाल नाय. सगळी घरची." हेच वाक्य त्यांनी दुकानाच्या पाटीवरही रंगवून घेतलं होतं. ब्लाउज शिवायला आलेल्या बायका ते वाचून गोंधळायच्या. या घरच्या चालींतली सगळ्यांत लाडकी होती ती एका गजराची. तीस वर्षांपूर्वी मशीनवर पाय मारता मारता ती सुचली, असं ते येईल त्याला सांगत.

मग बारा वर्षांपूर्वी, गणपतीत, पलीकडच्या वाडीत भजनाला जाताना पेटी खाडीत पडली. होडी हमीदची होती. हमीद म्हणजे बुवांचा शाळासोबती, मासेमारी करणारा. त्यानेच उडी मारून पेटी वर काढली. आतून पाणी निघालं, वाळू निघाली, नांग्या उगारलेली एक जिवंत कुर्ली निघाली. पेटी वाळल्यावर सगळे सूर परत आले, फक्त एक काळी पट्टी मुकी राहिली. गणपतीत पेटी दुरुस्तीला सोडवेना आणि गणपतीनंतर आठवण राहीना. लाडक्या गजरात तो सूर चारदा यायचा. बुवा तिथे थांबायचे, म्हणून मागचा कोरसही थांबायला शिकला. लोकांनी नाव ठेवलं, 'उचकी मंडळ'. बारा वर्षं बुवांनी ती चेष्टा गिळली होती, आणि आज साठ व्हायोलिनं तीच उचकी देत होती!

दुसऱ्या दिवशी हमीद मोबाइल नाचवत दुकानात आला. सिनेमाचा संगीतकार होता नील, म्हणजे मूळचा राजापूरचा निलेश. मुलाखतीत तो डोळे मिटून सांगत होता, "तो थांबा म्हणजे समुद्राने घेतलेला श्वास आहे. आरे-वारेच्या किनाऱ्यावर ध्यानाला बसलो असताना मला ऐकू आला."

"ध्यानाला?" बुवांनी कात्री आपटली. "मेला गेल्या गणपतीत मामाच्या घरी मोदक हाणत बसला होता, मोबाइल माझ्या पेटीला लावून!"

पुढच्या रविवारी राजापुरात या निलेशचा सत्कार होता. बुवा मांडीवर पेटी घेऊन एसटीत बसले, शेजारी हमीद. भरल्या सभागृहात निलेशने शाल स्वीकारली, समुद्राचा श्वास पुन्हा एकदा सांगितला आणि विचारलं, कुणाला काही प्रश्न?

"मना हाय," असं म्हणत बुवा पेटीसकट व्यासपीठावर चढले. कुणी अडवायच्या आत भाता हलला आणि गजर सुरू झाला. समोरची निम्मी माणसं डबलबारीची दर्दी, उरलेल्यांनी सिनेमा पाहिलेला. आधी टाळ्यांचा ठेका आला, मग आवाज चढले, आणि त्या जागेवर आल्याबरोबर चारशे माणसं एकदम गप्प झाली. वर पंखा फिरत होता तेवढा ऐकू आला. मग चारशे गळ्यांनी पुढचा सूर उचलला, आणि नंतर जे हसू फुटलं ते थांबेचना.

निलेशच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काका, मला वाटलं लोकसंगीत आहे. त्याला कोण मालक?"

"लोक म्हंजे कोण रे? मी काय गुरांत मोडतो?"

पोरगा वाईट नव्हता. त्याने सगळ्यांसमोर कान पकडले. सिनेमा महिन्याभरात ओटीटीवर, म्हणजे घरोघरच्या टीव्हीवर, येणार होता; तेव्हा शेवटच्या नामावलीत 'मूळ चाल: आत्मारामबुवा' अशी ओळ घालतो म्हणाला. नाव कसं लिहायचं ते फक्त दोन दिवसांत कळवा.

परतीच्या एसटीत बुवांना आभाळ ठेंगणं झालं होतं. कंडक्टरलासुद्धा त्यांनी पेढा भरवला. रत्नागिरीला उतरले ते थेट हमीदच्या घरी, त्याच्या आईच्या पाया पडायला. हफीजाचाची ओटीवर सुके बोंबील निवडत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, दात चार, पण आवाज खणखणीत.

"चाची, माझी चाल पिक्चरमदी गेली. ऐक!" बुवा गाऊ लागले. दोन ओळी होतात न होतात तोच चाची बोंबील हातात तसाच धरून त्यांच्याबरोबर गायला लागली. उचकीच्या जागी बुवा थांबले. चाची थांबली नाही. तो सूर, बारा वर्षांत कुणी न ऐकलेला, तिने लख्ख लावला आणि पुढे गेली.

बुवांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "चाची, तुला कशी ठाव ही चाल?"

"कशी म्हंजे? माझ्या पोरीच्या, फिजाच्या मेंदीला आमी बाया तीन दीस हीच तर गात होतो. तू पडवीत मशीन मांडून तिचे कपडे शिवत होतास. आमच्या ठेक्यावर पाय मारत होतास मेल्या, म्हणून मी हसलेली बी आठवतंय मना." मग तिने डोळे बारीक केले. "पन मधला सूर कुठं सांडलास?"

"खाडीत," हमीद म्हणाला.

बुवा हसले नाहीत. मशीनवर सुचली, मशीनवर सुचली, म्हणून तीस वर्षं छाती पुढे काढली; आणि आजच तर चारशे माणसांसमोर एका पोराला कान धरायला लावले होते. दोघांत फरक एवढाच की पोराकडे साठ व्हायोलिनं होती.

"गप राहा," हमीदने बाजूला घेऊन सांगितलं. "आईला नावाचं काय पडलंय? कुनाला कळतंय?"

कुणाला कळणार नव्हतं, हेच तर वाईट होतं. दोन दिवस बुवांनी ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. आयुष्यात पहिल्यांदा नाव पडद्यावर यायचं होतं, आणि ते सोडायचं म्हणजे जिभेवरचा आंबा परत द्यायचा! शेवटी जनीच वैतागली. "अवो, चाचीला इचारलंत काय?"

बुवा गेले आणि त्यांनी विचारलं. चाची म्हणाली, "माझी कसली? माझ्या आयशीची. तिला कुनी दिली ती तिलाच ठाव. पन तू सांगून घेतली असतीस, तर सूर नीट शिकवला असता." बुवांनी तिथूनच निलेशला फोन लावून सगळं कबूल केलं. तो इतका हसला की त्याला खरीखुरी उचकी लागली.

महिन्याने, जुम्म्याची नमाज झाल्यावर, सगळी मंडळी हमीदच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली. सिनेमात कुणाला रस होता? हमीदने रिमोटने सिनेमा पळवत नायिकेला बुडवलं, नायकाला रडवलं आणि दोन मिनिटांत नामावली गाठली. चाचीला वाचता येत नाही, म्हणून त्याने मोठ्याने वाचलं, "मूळ चाल: हफीजाबी, रत्नागिरी, आणि त्यांच्या आधी गाणाऱ्या सगळ्या बाया." खालच्या ओळीत होतं, "उचकी: आत्मारामबुवा."

चाचीने दोनदा वाचून घेतलं. नामावलीखाली व्हायोलिनं सुरू झाली तशी ती गाऊ लागली आणि बुवांनीही आवाज मिळवला. ती जागा आली. बुवांची उचकी राहावी म्हणून चाची थांबली. आणि चाचीचा सूर राहावा म्हणून बुवांनी, बारा वर्षांत पहिल्यांदा, तो लावला. तो जरासा हलला, पण लागला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि चाचीने त्यांच्या पाठीत प्रेमाने एक धपाटा घातला.

"ते सगळं झालं," हमीद कुरकुरला, "पन पेटी पाडली कुनी? माझं नाव कुठाय?"