ओ द्यायची नाही

ममता मॅडमला 'जाऊ नका' म्हणणं म्हणजे हाताला धरून वाटेला लावण्यासारखंच होतं. बाभुळगावहून ती झरी तालुक्यातल्या त्या टोकाच्या गावात शिक्षिका म्हणून आली, आणि पहिल्या महिन्यातच गावाला हे कळून चुकलं.

गुलाबी बोंडअळीचं साल होतं ते. बोंड फोडावं तर आत अळी, कापूस नावापुरता. त्याच पावसाळ्यात फवारणीच्या औषधानं चांगली धडधाकट माणसं आडवी झालेली. घराघरात मोठी माणसं बोलेनाशी झाली होती, आणि पोरं वर्गात इतकी शहाण्यासारखी बसायची की मॅडमला राग यायचा. अहो, दुसरीतल्या पोरांनी गोंधळ घालायचा नाही तर कोणी घालायचा? म्हणून तिनं ठरवलं, पोरांना गावामागच्या पहाडावर एक रात्र मुक्कामाला न्यायचं. वर वनखात्याची पडकी चौकी होती. तिथून रात्री पैनगंगेपलीकडचे दिवे दिसतात, असं सगळेच सांगत. पाहिले मात्र एकाही पोरानं नव्हते.

निघायच्या दिवशी दुपारीच आभाळ काळवंडलं. फेब्रुवारीत असं आभाळ म्हणजे गारांचं लक्षण. शाळेत खिचडी शिजवणारी रुपीबाई पातेलं घासता घासता म्हणाली, "मॅडम, आभाय पाहा कसं करून राह्यलं. एवढ्याल्या पोट्ट्यायले कायले नेता?"

"चार थेंब येतील नि जातील, रुपीबाई. पोट्टे काय मिठाचे हायेत?"

सोबत वर्गातल्या राजदीपचा काका येणार होता. पण त्याचा हरभरा सोंगून पडलेला. ढग पाहताच तो गंजी झाकायला शेताकडे पळाला. दुसरं कोणी असतं तर तिथूनच माघारी फिरलं असतं. ममता पाच पोरं घेऊन एकटीच निघाली.

वाटेत त्या पाचांतल्या सुरभीचं घर. ओट्यावर तिचा बाप किसनराव बसला होता. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हा गडी कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला, तो चक्कर येऊन पडला. यवतमाळच्या दवाखान्यातून जिवंत परतला हेच नशीब, पण छातीचं मातेरं झालं होतं. एक शब्द बोलला की पुढच्या शब्दासाठी त्याला कितीतरी वेळ श्वास गोळा करावा लागे, आणि तो एक शब्दही खरवडून काढल्यासारखा. पूर्वी यानंच बांधावरून हाक दिली की शिवारातले बैल कान टवकारायचे.

त्यानं आभाळाकडे बोट केलं. "सुरभे..." म्हणाला, आणि खोकल्यानं वाकला. पोरीनं मॅडमची ओढणी घट्ट धरली आणि पाऊल उचललं. हा नवा आवाज घेऊन बाप परत आल्यापासून ती त्याच्याजवळ जातच नसे. ममताला ते दिसलं. परत आल्यावर पोरीशी बोलू, असं तिनं मनाशी म्हटलं.

अर्धा पहाड चढेपर्यंत वारं सुटलं. सागाची वाळली पानं अशी वाजू लागली की मागून कुणी चालत येतंय असं वाटावं. मग गारा आल्या. पोरांच्या डोक्यांवर दप्तरं धरून, रडणाऱ्या जमनीला कडेवर घेऊन ममता कशीबशी चौकीत पोचली. चौकीला दार नव्हतं, छपराचे अर्धे टिन उडालेले. मोबाईलला रेंज नाही. जवळ एक टॉर्च. पलीकडचे दिवे राहिले बाजूला, हाताची बोटं दिसत नव्हती.

तिला खरी भीती होती ती कड्याची. चौकीपासून थोडं पुढे गेलं की पहाड सरळ तुटलेला. आणि बंटी घडीघडी दाराकडे धावे, "मॅडम, आता दिसतात काय दिवे?" जमनीला आईकडे जायचं होतं. रागावून झालं, गोड बोलून झालं. शेवटी ममतानं रुपीबाईची गोष्ट बाहेर काढली. चुलीपाशी ऐकताना ती स्वतः खदखदा हसली होती. तिच्या बौद्ध घरात भुताखेतांना कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"ऐका रे," तिनं आवाज खाली आणला. "रात्री या पहाडावर एक जण फिरते. घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. पण त्याले एकच हाक मारता येते. खरं माणूस तीनदा हाक मारते. म्हणून तिसरी हाक येतवर ओ द्यायची नाही. जाग्यावरून हलायचं नाही."

पोरं भिंतीला चिकटली. बंटीसुद्धा. ममताला थोडी लाज वाटली, पण काम झालं होतं.

पावसाचा जोर जरा उतरला, आणि बाहेरून हाक आली.

"सुरभे..."

एकदाच. मग नुसता वारा.

पाची पोरांचे हात आपापल्या तोंडावर गेले. "एकच होती, मॅडम," बंटी कुजबुजला. ममतानं टॉर्च विझवला. का विझवला, हे तिला पुढे कधीच कुणाला सांगता आलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर बाईनं स्वतःच त्याला आवतण दिलं होतं.

बऱ्याच वेळानं पुन्हा. या वेळी मागच्या अंगानं, जमिनीलगत. "सुरभे..." एकदाच. दगड घरंगळले. मागच्या भिंतीला बाहेरून काहीतरी घासत गेलं. थांबलं. भिंतीपलीकडे शिट्टी वाजावी तसा बारीक आवाज येत राहिला, आत, बाहेर, आत, बाहेर. ममतानं पोरांना कवेत ओढलं. शिट्टी हळूहळू दूर गेली, उताराकडे.

तेव्हा मांडीत तोंड खुपसलेली सुरभी म्हणाली, "माह्या बाबाचा आवाज काढून राह्यला तो. दवाखान्यातून आल्यावरचा."

भुताला आवाज चोरायचा असता तर त्यानं चांगला, जुना आवाज चोरला असता. हा फाटका आवाज कोण कशाला घेईल? हा खुद्द त्या माणसाचाच होता. एका हाकेत छाती रिकामी होणारा माणूस दुसरी हाक कुठून आणणार?

ममता दारात धावली, टॉर्च लावला. "किसनभाऊ! ओ किसनभाऊ! इकडे या, आम्ही इथं हाओत!" पाऊस पुन्हा कोसळायला लागला होता. पोरांना टाकून उतरावं तर अंधार नि कडा; न उतरावं तर खाली एक माणूस. ती दारातच उभी राहिली. टॉर्चचा उजेड पिवळा पडून विझला तरी ओरडत राहिली, घसा फुटेस्तोवर. त्या रात्री ती स्वतःला जे बोलली, ते तिच्या वैऱ्यानंही तिला बोललं नसतं.

उजाडलं तेव्हा तो दिसला. चौकीच्या जरा खाली, सागाच्या बुंध्याला टेकलेला. ओठ निळे, अंगावर गारांचे वळ. पोरांवर घालायला आणलेली ताडपत्री पोटाशी घट्ट धरलेली, घडीसुद्धा न मोडता. डोळे उघडे होते. ममतानं छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. ती मोठ्यानं रडली. मग त्याचे तळवे चोळू लागली, ताडपत्री त्याच्याच अंगावर घातली.

तो तिच्याकडे पाहतच नव्हता. वर चौकीच्या दारात पोरं येऊन उभी होती, त्यांत सुरभी. त्यानं कितीतरी वेळ श्वास जमवला.

"सुरभे."

पोरगी जागची हलली नाही. तोंडावर हात. बाकीच्या चौघांचेही तोंडावर हात. सगळी वाट पाहत होती. किसनरावानं पुन्हा तोंड उघडलं, पण त्यातून नुसती शिट्टी आली.

"अगं ये ना, बाबा हायेत तुझे!" ममता ओरडली. पोरगी ढिम्म. तेव्हा फाटक्या घशानं तिनंच हाका मारल्या, "सुरभे! सुरभे!"

"ओ," सुरभी म्हणाली आणि चिखलातून उतरत खाली आली. येऊन तिनं मॅडमचं बोट धरलं, बापाकडे पाठ केली आणि हळूच म्हणाली, "दोन तुमच्या होत्या, मॅडम. त्याची एकच होती."

किसनरावाला ऐकू चांगलं येत होतं.