सात दिवसांची नोटीस

आमची कंपनी कुलपं करते. 'ब्रँड संरक्षण विभाग' अशी पाटी लावलेल्या खोलीत मी एकटीच बसते आणि इंटरनेटवर कंपनीच्या नावाची राखण करते. म्हणजे काय, तर कंपनीला जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या आधीच शोधून काढायच्या आणि दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत त्या नावांची डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, आपणच विकत घेऊन ठेवायचे. आमच्या नावापुढे 'भिकार', 'फसवे', 'घेऊ नका', 'आधी आईला विचारा' असलं काहीबाही जोडून घेतलेली चारशे बारा डोमेनं आमच्या मालकीची आहेत. शेवटचं साहेबांना स्वतःला सुचलं. ते आईला विचारल्याशिवाय मोजेही घेत नाहीत.

गेल्या वर्षी एका भामट्याने 'तुमचं डोमेन संपत आलंय, ताबडतोब पैसे भरा' असा खोटा मेल पाठवला आणि आमच्या हिशेबनिसाने मुकाट्याने भरले. साहेबांचा पारा चढला. त्यांनी फर्मान काढलं, की डोमेन संपत आल्याचं सांगणारा प्रत्येक मेल चोराचा समजावा. मी तशी सोयच करून टाकली. असा मेल आला की न उघडता थेट कचऱ्यात. त्याबद्दल माझा सत्कार झाला आणि मला काचेचं एक कुलूप मिळालं. त्याला किल्ली नाही.

मग साहेबांची नजर माझ्या मावशीवर गेली. मावशी चौकातल्या टपरीत किल्ल्या करते. तिच्या वेबसाइटच्या पत्त्यात आमच्या नावापुढे 'दुरुस्ती' असा शब्द होता. दाराबाहेर अडकलेला माणूस फोनवर शोधायचा, आणि मावशी पिशवी घेऊन स्कूटरवरून दहा मिनिटांत हजर. तिचं निम्मं काम त्या पत्त्यावरूनच यायचं.

"आपलं नाव वापरतेय ती बाई. नोटीस काढा," साहेब म्हणाले.

"सर, ती माझी सख्खी मावशी आहे. आणि ती आपलीच कुलपं दुरुस्त करते."

"मग तर उत्तमच. घर शोधायला नको."

नोटिशीचा मसुदा माझाच होता, वर्षानुवर्षं घासूनपुसून चकचकीत केलेला. 'सात दिवसांच्या आत स्वाधीन करावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.' मी ती स्वतःच घेऊन गेले.

"मावशी, देऊन टाक ना. मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतेस?"

ती कानशीने किल्ली घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठे लोक म्हणजे तू का गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सहाव्याच दिवशी डोमेन दिलं. माझ्या यादीत ते चारशे तेरावं झालं, आणि तिच्या टपरीवर दुपारी शुकशुकाट दिसायला लागला. मी घरी जायचा रस्ता बदलला.

महिनाभराने एका सकाळी कंपनीची वेबसाइट बंद पडली. मेलही बंद. शिव्यांची सगळी डोमेनं ठणठणीत होती; त्यांचे पैसे आपोआप भरले जातात. मूळ नाव मात्र साहेबांच्या वडिलांनी जुन्या पद्धतीने घेतलेलं, दरवेळी हाताने भरावं लागणारं. मी कचरा उपसला. खरीखुरी अकरा स्मरणपत्रं निघाली. संध्याकाळपर्यंत भरलं नाही, तर नाव कुणालाही घ्यायला मोकळं होणार होतं.

त्या जुन्या खात्याचा पासवर्ड डायरीत, डायरी साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाला आमचं सगळ्यात भारी कुलूप. साहेबांनी घाबरून किल्ली अशी काही पिळली, की अर्धी हातात राहिली आणि अर्धी कुलपात. हे कुलूप कटरलाही दाद देत नाही, अशी आमची जाहिरात आहे. नेमकी तीच खरी निघाली. कारखान्यातून कारागीर बोलवावा तर गावभर बोभाटा.

"तुमच्या त्या मावशी..." साहेब खाली बघत म्हणाले.

मावशी आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला, 'ताई' म्हणाले. ती खुर्चीवर न बसता कपाटापुढे मांडी घालून बसली. वीस मिनिटांनी कुलूप उघडलं. तिने डायरी काढली आणि साहेबांचा पुढे आलेला हात ओलांडून माझ्या हातात दिली.

"आधी माझं नाव परत," ती म्हणाली.

"अहो ताई, आधी कंपनीचं वाचवू, तुमचं बघू की सावकाश," असं म्हणून साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, आपलं आधी. हा माझा हुकूम समजा."

साहेबांचं 'सावकाश' मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. माझी बढती त्यातच अडकलीय. मी चारशे तेरावं डोमेन आधी तिच्या खात्यात पाठवलं. चार मिनिटं लागली. तेवढ्यात साहेब तीन वेळा पाणी प्यायले. मग डायरीतला पासवर्ड टाकून कंपनीचे पैसे भरले. कंपनीचं नावही वाचलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाकीट होतं. टेबल, संगणक आणि काचेचं कुलूप सात दिवसांच्या आत स्वाधीन करावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल. मी ती नोटीस दोनदा वाचली. काढायला एकही चूक सापडली नाही.