जैसे थे

जहाजाच्या पोटात उतरणाऱ्या लोखंडी शिडीवर अर्ध्या वाटेतच डॉक्टरबाईंना उमासा आला. बंदरावर येणाऱ्या जनावरांची तपासणी करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. शेणामुताचा वास त्यांना काही नवा नव्हता. पण हा वास डोळ्यांना झोंबत होता, जिभेवर थर धरत होता. खाली वासरं गुडघाभर राडीत उभी होती. जी बसली होती ती पुन्हा उठतील असं दिसत नव्हतं. एका वासराने त्यांच्या रबरी हातमोज्याचं बोट तोंडात धरलं आणि ते चोखू लागलं. बाईंनी हात ओढून घेतला नाही.

वर येताच त्या खलाशांच्या मुकादमावर डाफरल्या, "ही अजून उतरवली का नाहीत?"

"कोर्टाचा हुकूम आहे बाई. जैसे थे ठेवा म्हणालेत."

"वासरं जैसे थे कशी ठेवतात? लोखंडाच्या कांबी आहेत का त्या?"

मुकादमाने नाकावरचा रुमाल सारखा केला.

प्रकरण असं होतं. वासरं विकणारी कंपनी एका देशातली, घेणारी दुसऱ्या देशातली. घेणाऱ्याने 'माल रोगट आहे' म्हणून हात झटकले. जहाज पाणी भरायला या तिसऱ्याच देशात थांबलं, तेव्हा विकणाऱ्याने इथल्या कोर्टात जाऊन ते अडकवलं. करारात लिहिलेलं, की भांडण झालं तर निवाडा चौथ्याच देशातले लवाद करतील. ते लवाद अजून नेमलेलेच नव्हते. तिथलं कोर्ट म्हणालं, जनावरं जिथे आहेत तिथे दाद मागा. इथे घेणाऱ्याचा वकील म्हणत होता, या कोर्टाला अधिकारच नाही. अधिकार कोणाचा हे ठरेपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही, एवढाच त्या हुकमाचा अर्थ.

आणि घेणाऱ्याचा वकील म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. कोर्टात त्याचा भलता दबदबा. घरी मात्र तो अजून छोटूच. तपासणीसाठी नेमणूक झाली तेव्हाच बाईंनी हे नातं न्यायाधीशांच्या कानावर घातलं होतं. पण बंदरावर जनावरांचा दुसरा डॉक्टरच नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या बोळकांडीत छोटूने नाक मुरडलं. "ताई, अंघोळ तरी करून यायचं."

"दोनदा केली. जात नाही तो वास."

तो हसला आणि दोन पावलं लांब उभा राहिला.

बाईंनी पाहिलं ते सगळं सांगितलं. वासरं उभी राहून राहून आजारी पडताहेत, उतरवली तर बरीचशी वाचतील, असं म्हणाल्या. छोटू लगेच उठला. "म्हणजे वासरं आजारी आहेत, हे सरकारी डॉक्टरच सांगताहेत. आमच्या अशिलाचं म्हणणं तरी वेगळं काय आहे?" बाईंना वाटलं, आपला घास कोणीतरी चावून आपल्याच ताटात परत टाकला.

विकणाऱ्याचा वकील म्हणाला, जनावरं उतरली की आमचा ताबा गेला. मग दोघे अधिकारावरून इतके भांडले, की वासरं हा शब्द तासाभरात कोणाच्या तोंडी आला नाही.

शेवटी सर्दीने बेजार झालेले न्यायाधीश म्हणाले, "या भांडणात खरं कोण, ते मी ठरवणार नाही. तो अधिकार लवादांचा. पण ते ठरेपर्यंत माल टिकवायचा अधिकार, माल ज्याच्या हद्दीत आहे त्या कोर्टाला नसेल तर कोणाला असणार? निकाल लागेल तेव्हा हातात द्यायला काही उरायला नको? वासरं आजच उतरवा."

संध्याकाळपर्यंत वासरं बंदराच्या गोदामात कोरड्या पेंढ्यावर होती. बरीचशी आधी नुसती उभीच राहिली. बसता येतं हे त्यांना पटायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वकील हातात हात घालून कोर्टात हजर. तडजोड झाली होती. अर्ज मागे घ्यायचा, वासरं परत जहाजावर चढवायची.

"काल तर तुम्ही एकमेकांचे गळे धरत होतात," न्यायाधीश म्हणाले.

"आता वादच उरला नाही, साहेब."

दाद मागणाराच नाही म्हटल्यावर आदेश कशाच्या जोरावर टिकणार? न्यायाधीशांनी तो रद्द केला आणि कोणाकडेही न बघता पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

बाहेर येऊन छोटूने बहिणीला बाजूला घेतलं. "तू फक्त प्रवासाला योग्य म्हणून दाखला दे, त्याशिवाय ती चढवता येत नाहीत. बाकी मी बघतो."

"वाटेत मरतील ती."

"मरू देत ना. विमा समुद्रावर मेलेल्यांचा आहे, जमिनीवर मेलेल्यांचा नाही. दोघांचंही भागतं."

चहात साखर किती हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

"छोटू, तू ती शिडी एकदा तरी उतरलास का रे?"

"माझं काम कागदावर असतं, ताई."

"मग कागद घे." त्यांनी तिथेच बाकावर बसून लिहिलं: प्रवासास अयोग्य.

"तुला कायदा कळत नाही," तो चिडला.

"या दाखल्यावर अधिकार कोणाचा, तेवढा कळतो."

वरून फोन आले. आधी गोड बोलणारे, मग बदलीची धमकी देणारे. बाई ढिम्म हलल्या नाहीत. जहाज धुऊनपुसून रिकामं निघून गेलं आणि वासरं दोन्ही कंपन्यांनी वाऱ्यावर सोडली. जी उठूच शकत नव्हती त्यांना बाईंनी स्वतःच्या हाताने शेवटचं इंजेक्शन दिलं; सहायकाला तिथे थांबू दिलं नाही. उरलेली आसपासच्या गोठेवाल्यांनी नेली.

पुढे एकदा आईकडे सगळे जेवायला जमले. छोटू रंगात येऊन पाहुण्यांना सांगत होता, बहिणीनेच भावाची केस कशी बुडवली. टेबलाभोवती हशा पिकला. हसत हसतच त्याने ताईला वाढायला डाव पुढे केला. तिने ताट मागे ओढलं.

"अगं, असं काय करतेस?" आई कळवळली. "सख्खा भाऊ आहे तुझा."

"त्याचाच तर त्रास होतो, आई," ती म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.