अनशापोटी सदाफुली

मी सदाफुली बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझं मूळ हवेत आहे, पानं मान टाकायला लागलीत आणि डोकं अजून तापलेलं आहे. त्यामुळं जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते.

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, युवराज आणि राजश्री यांच्या दारात, ऑइल पेंटच्या रिकाम्या डब्यात माझं आयुष्य गेलं. मला कुणी नर्सरीतून आणलं नव्हतं. मी गटाराच्या कडेला आपली आपण उगवले होते. त्यांची रेश्मा तेव्हा लहान होती. तिनं मला मातीसकट उचललं आणि डब्यात लावलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, पण तांदूळ धुतलेलं पाणी माझ्यासाठी राखून ठेवायची पोरगी. सकाळी माझी दोन फुलं बुद्धांच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं जायची. तिथवर सगळं बरं चाललं होतं.

गल्लीतल्या शेळ्या दारातलं काही ठेवायच्या नाहीत. मला मात्र हुंगायच्या आणि पुढं जायच्या. मी विषारी आहे हे शेळीला कळतं. माणसाला मोबाइलवर मेसेज आला की उलटंच कळतं.

रेश्मा नववीत गेली, शाळेच्या कबड्डीच्या संघात आली. मग तिच्या गुडघ्याखाली सूज धरली. सगळे म्हणाले, खेळताना मार लागला असेल. आंबेहळदीचा लेप झाला, तेल चोळून झालं. मग एका हाडवैद्याकडून पाय ओढून, दाबून, पट्टी बांधून आणली. ती पायरीवर बसून ओठ चावायची आणि मला काही करता यायचं नाही. शेवटी पायाचा एक्स-रे फोटो काढला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडात गाठ आहे, कॅन्सरची असू शकते, सुईनं तुकडा काढून लगेच तपासू.

लगेच! आणि त्याच संध्याकाळी केम गावाहून कोंडीबा आला. राजश्रीचा थोरला भाऊ, रेश्माचा लाडका मामा. वाईट माणूस नाही हो. भाचीचा पाय बघून त्याचे डोळे भरून आले. वाईट असता तर त्याचं कुणी ऐकलं नसतं.

"गाठीला हत्यार लावू नगा," तो युवराजला म्हणाला. "लोखंड लागलं की ती अंगभर पळती. आमच्या तिकडं एक धडधाकट माणूस असाच गेला."

मग त्याची नजर माझ्यावर पडली. स्वतःच्या शुगरसाठी तो माझ्या जातीची पानं चघळायचा. त्यानं मोबाइल काढला. "ह्याच्यापास्नं कॅन्सरचं विंजेक्शन बनतंय. हे बघ, लिवलंय की. दारात औषध हाय आन् तुमी गावभर हिंडताय."

माझा राग इथंच आहे. तो साफ खोटं बोलला असता तर एखाद्यानं उडवून लावलं असतं. पण ते अर्धं खरं होतं. माझ्या पानांतून एक औषध निघतं, आणि काही पोरांच्या हाडातल्या कॅन्सरवर इतर औषधांच्या जोडीनं ते देतात, हे खरंच आहे. पण टेम्पो भरभरून पानं आणली तर त्यातून चिमूटभर निघतं. ते वेगळं काढतात, शुद्ध करतात, पोराचं वजन-उंची बघून मोजतात आणि शिरेतूनच देतात. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर जीव जातो. माझ्या अंगात त्या एका रसाशेजारी आणखी कितीतरी रस आहेत, आणि प्रत्येकाची आपली वेगळी खोड आहे. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून मला टाकलं की काय निघेल, किती निघेल, मला स्वतःला सांगता येत नाही. मग कोंडीबाला कुठून सांगता येणार?

पण काढा सुरू झाला. रोज सकाळी अनशापोटी. पानं तोडायला युवराज स्वतः यायचा. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे तो, धाग्यात एवढीशी गाठ आली तरी माल बाजूला काढतो. आणि लेकीच्या हाडातली गाठ घेऊन घरात बसला. दवाखान्यातून फोन आला की सांगायचा, पाहुण्यांकडं आलोय.

रेश्मा ओकायची. कोंडीबा फोनवरून म्हणायचा, घाण निघतीय, निघू द्या. तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर म्हणाला, गुण येतोय. माझ्या पानाला वाचा असती तर मी तिथंच ओरडले असते, अरे मूर्खा, ते माझं विष आहे. सूज महिनागणिक मांडीकडं चढत होती. पोरगी भिंत धरून चालायला लागली, आणि एके सकाळी मोरीच्या उंबऱ्यावर पाय टेकला तो तिला उचलता येईना.

तिला उचलून पायरीवर बसवलं. युवराज सवयीनं काढ्याचा पेला घेऊन आला. तिनं तो हातात घेतला आणि खाली ठेवला.

"पप्पा, मामाला वाईट वाटंल म्हणून मी पीत होते," ती म्हणाली. "आता नाही पिणार. मला दवाखान्यात न्या. सुई टोचू दे, काय करायचं ते करू दे त्यांना."

युवराज तिच्यापुढं खाली बसला. मग उठून रिक्षा आणायला गेला.

पुढचं मी राजश्रीच्या तोंडून ऐकलं. पायरीवर बसून ती बहिणीशी फोनवर बोलत होती. तपासणी झाली, कॅन्सरच निघाला. सलाईनमधून औषधं सुरू झाली आणि त्यातलं एक सदाफुलीपासूनचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी काही देत होता का? राजश्रीनं सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तेव्हाच आला असता तर पाय राखणं सोपं होतं. आता गाठ किती आकसते ते बघू आणि मग ठरवू. पण घरातलं ते पान आता एकही द्यायचं नाही, तिच्या जिवावर बेतेल.

डोस घेऊन रेश्मा घरी आली, आणि आज सकाळी कोंडीबा पिशवी घेऊन हजर. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघा, मी सांगत हुतो का न्हाय? डाक्टर बी त्येच देत्यात. आता तितं सुईतनं, हितं तोंडातनं. दोनीकडनं मारू तिला, त्या गाठीला."

त्यानं हात पुढं केला. त्याच्या आधी राजश्रीचा हात आला. तिनं मला बुंध्याशी धरलं आणि मुळासकट उपटून कट्ट्यावर टाकलं.

"अगं, काय केलंस? औषधाचं झाड हाय की ते."

"व्हय, औषध हाय," ती म्हणाली. "म्हणूनच उपटलं. दादा, पिशवी ठेव खाली. आत जा, रेश्माजवळ बस. तिचे केस गेलेत, बघून रडू नकोस."

त्यानं पिशवी कट्ट्यावर ठेवली. मग चपला काढून आत गेला.

उपटल्याचा मला राग नाही. राग आहे तो वाया गेलेल्या महिन्यांचा. ते मला परत देता येत नाहीत, आणि कोंडीबालाही नाहीत. तुमच्या दारातही माझी बहीण असेल. तिची फुलं खुशाल घ्या. पण घरातल्या पोराचं हाड दुखत राहिलं आणि तुमचा हात पानांकडं वळला, तर तोच हात धरून पोराला दवाखान्यात न्या. हाताशी आहे म्हणून कुणी डॉक्टर होत नाही, मीसुद्धा नाही.

सोमवारी रेश्माचा पुढचा डोस आहे. पाय राहील की जाईल, अजून कुणाला माहीत नाही. मी तोवर वाळलेली असेन. सलाईनच्या नळीतून माझ्याच जातीतलं काहीतरी, मोजलेलं, तिच्या शिरेत उतरेल. त्याला त्याचं काम करू द्या. मध्ये हात घालू नका.