तिच्या बोलण्यात मी नव्हतो

विमला दुपारी मोबाइलवर स्वयंपाकाचं बोलत नव्हती, हे मला ती गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं.

आमची मुलगी तनया लग्न होऊन वास्कोला असते. जेवणं झाली की विमला मोबाइल घेऊन मागच्या पायरीवर बसायची. मी पुढच्या खोलीत बातम्या लावून आडवा व्हायचो. मला वाटायचं, आई-मुलीचं काय असणार, सुंगटांच्या हुमणाला नारळ किती, नाहीतर जावयाची कुरबुर. खरं म्हणजे ती माहेरच्या, हळर्णमधल्या लहानपणाच्या आठवणी बोलून तनयाला पाठवत होती. तनयाने ते सगळे आवाज जपून ठेवले होते. चतुर्थीच्या आधी आठ दिवस ती डिचोलीला घरी आली आणि तिने ते मला ऐकवले. बाबांना बरं वाटेल, असं तिला वाटलं.

मला बरं वाटलं नाही.

"तनया, ऐक गो," विमला त्यात सांगत होती. "हळर्णला सकाळी पाववाला यायचा. बाबा एकच उंडो घ्यायचे आणि त्याचे चार वाटे करायचे. रघुदादा आपल्या वाट्याची कडक कड काढून मला द्यायचा. म्हणायचा, मला आवडत नाही. खोटारडा! माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बघितलं, तर कडच आधी खात होता."

आणि ती हसली. श्वास लागेपर्यंत हसली. अडतीस वर्षं आम्ही संसार केला, पण हे हसणं माझ्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

एकामागून एक बत्तीस आवाज ऐकले. किल्ल्याच्या भिंतीवर तिला बसवून तिचा भाऊ रघुनाथ पळाला ते. मनीषा नावाच्या मैत्रिणीबरोबर नदीत केस धुतले ते. मला रघुनाथचा हेवा वाटला, मनीषाचा वाटला. त्यांच्या एका शेळीचासुद्धा वाटला, कारण विमलाने त्या शेळीवर चांगली सहा मिनिटं घालवली होती.

"ह्यात मी कुठे आहे?" मी तनयाला विचारलं.

"बाबा, ह्या तिच्या लहानपणच्या गोष्टी. तुम्ही कुठून असणार?"

"तू आहेस की. तुझे दात आले ते आहे. तुझ्या नवऱ्याच्या टकलाचं आहे."

तनया हसली. "एक आहे," ती म्हणाली. "मुद्दाम लावला नव्हता."

"लाव."

ह्यात विमलाचा आवाज हळू होता. "लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला रघुदादा वजें घेऊन आला. नव्या सुनेच्या माहेरून करंज्या, नारळ, फळं येतात ना, ते. दोन दिवस रानात फिरून त्याने आमच्या माटोळीसाठी कांगलां, घागऱ्या, अशी सगळी रानफळं आणली होती. गणपतीच्या डोक्यावर बांधायला. तुझे बाबा म्हणाले, आमच्याकडे बाजारची फळं बांधतात, ही झुडपं कोण बांधणार? पाटी उचलून त्यांनी गोठ्यात ठेवली. वाईट नव्हते गो ते. त्यांना कळलं नाही. पण तेव्हाच मी ठरवलं, हळर्णचं काही ह्या घरात बाहेर काढायचं नाही."

तनयाने मोबाइल खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्यांना कळलं नाही, असं विमला म्हणाली. मला कळलं होतं. त्या दिवशी भाऊ दिसल्याबरोबर ती अंगणात धावत गेली होती. जमिनीवर बसून, त्याचा पाय मांडीवर घेऊन काटे काढत होती आणि दोघं कसल्यातरी गोष्टीवर हसत होती. लग्नाला चार महिने झाले होते, मी खाणीवरून ट्रक घेऊन रोज घरी यायचो, माझ्यासाठी ती कधी धावली नव्हती. म्हणून मी पाटी उचलली.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून मी हळर्णला गेलो. रघुनाथ ओसरीवर माटोळीच्या काठ्या बांधत होता. आता साठी उलटली आहे, पण हात चालतात.

"भावजी? न सांगता?" तो म्हणाला. "बसा. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. ती पाटी मी मुद्दाम गोठ्यात नेली होती."

कुठली पाटी, असं त्याने विचारलं नाही. "ठाऊक आहे. गोठ्यातल्या बैलालाही कळलं असेल."

"तिचं लहानपणचं अजून काही असेल तर मला सांग."

त्याने काठी खाली ठेवली. "कशाला सांगू? अडतीस वर्षं तुमच्याकडे होती. माझ्या वाट्याला अठरा. त्यातलंही न्यायला आलात?"

उठून जावं असं वाटलं, पण बसून राहिलो. तोच काठी परत उचलून म्हणाला, "एक तुम्ही सांगा, एक मी सांगतो. फुकट नाही."

मी स्कूटरचं सांगितलं. विमला पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकली. मी मागून धरून पळायचो. एकदा दमलो आणि सोडून दिलं. ती माझ्याशी बोलत बोलत बाजाराच्या कोपऱ्यावर वळली, मागे मी नाही हे बघितलं आणि सरळ मासळीवालीच्या पाटीत गेली. मासळीवाली शिव्या घालत होती आणि विमला अंगावरचे बांगडे काढत तिला म्हणाली, "ताजे दिसत नाहीत गो."

रघुनाथ हसला. मग त्याचं तोंड उतरलं. "हे मला ती कधी बोलली नाही," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं.

मग त्याने एक सांगितलं. ती आठ वर्षांची असताना बाबांच्या होडीतून लपून पलीकडच्या गावी गेली होती ते. तिच्या आवाजांत हे नव्हतं. मी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा मधे थांबवून विचारलं. परत माझी पाळी आली. तनया झाली त्या सकाळी विमला मला काय म्हणाली होती, ते तोंडाशी आलं.

"हं, सांगा," रघुनाथ म्हणाला.

ते मी सांगितलं नाही. पायरीवर ती कोथिंबीर कशी निवडायची, ते सांगितलं.