चिंचोक्याएवढा चेहरा

"हा पण नाही," वना म्हणाला आणि त्यानं अकरावा कुंचला फळीवर बाजूला सारला.

"अहो वनाभाऊ, याला काय धाड भरली?" हीरालालनं कपाळाला हात लावला. "टोक तर बघा!"

"टोक आहे हो. पण रेघेला दम नाही."

चितारी वनाची कुंचला पारखायची रीत अख्ख्या धुळ्याला पाठ होती. वाटीतल्या पाण्यात कुंचला बुडवायचा, मनगटाला एक झटका द्यायचा, की सगळे केस आपोआप एका टोकावर आले पाहिजेत. मग त्याच टोकानं डाव्या अंगठ्याच्या नखावर एक बारीक रेघ ओढून बघायची. आज झटक्यात अकराच्या अकरा उतरले होते. नखावर मात्र एकही टिकला नव्हता. हीरालालला यातलं काही उमगलं नाही, आणि वनाला तर उमगून घ्यायचंच नव्हतं.

"लढाई चालू आहे, भाऊ. साहेबानं तोफा ओढाव्या की तुमच्यासाठी कुंचले धाडावे?" हीरालाल हसत म्हणाला. "लोक इतकी पारख तर नवरी बघतानाही करत नाहीत."

"नवरी पसंत पडली नाही तरी संसार होतो. माझं तसं नाही."

हीरालालनं इकडेतिकडे बघितलं, फळीखालून एक पत्र्याची डबी काढली आणि कागदाच्या घड्या उलगडत आतून एक कुंचला बाहेर काढला. लढाईच्या आधी आलेला विलायती माल, एकच उरलेला. वनानं तो पाण्यात बुडवून झटकला. टोक असं आलं की त्याच्या तोंडून नुसतं "वा!" निघालं.

"केस कशाचे?"

"थंड मुलखातलं काहीतरी जनावर असतं. मुंगसासारखं."

"मारून काढतात?"

"मग काय त्याला विचारून?"

वनानं कुंचला डबीत ठेवला, टोपी नीट केली आणि दुकानाची पायरी उतरला.

आता याची गोष्ट अशी होती. हस्तीमल शेटची मुलगी कुसुमलता हिचं लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर धरलं होतं. स्थळ जळगावचं. आखाजीला उरले होते नऊ दिवस. मुलगी दोन वर्षांची असताना तिची आई, तारादेवी, तापानं गेली होती. तिचा फोटो कधी निघालाच नाही. कायम घुंघटात वावरलेली बाई. पण जायच्या आधीच्या वर्षी शेटनं हौसेनं वनाकडून तिचं एक चित्र काढून घेतलं होतं. काड्यापेटीएवढं, घोटलेल्या जाड कागदावर. सासू शेजारी बसली होती, घुंघट अर्धी घटका वर गेला होता, आणि तेवढ्यात वनानं जे बघायचं ते बघून घेतलं होतं.

ते चित्र देवाजवळ असे. कुसुमचा हात तिथवर पोचायला लागला, आणि ती रोज सकाळी बोट पाण्यात बुडवून त्या चित्रावरून फिरवायला लागली. "आईचं तोंड धुते," म्हणायची. घरातल्या कोणाच्या लक्षात येईपर्यंत वर्ष उलटलं. लाल ओढणी राहिली, नथ राहिली, कानातली राहिली, आणि मधे चेहऱ्याच्या जागी चिंचोक्याएवढा पांढरा डाग उरला. पोरीनं स्वतःच्या हातानं आईचं तोंड पुसून टाकलं होतं. कळत्या वयात हे समजल्यापासून ती त्या चित्राकडे बघायचीसुद्धा टाळायची.

"सासरी जाताना तिच्याबरोबर तिची आई जायला पाहिजे," शेट वनाला म्हणाले होते. "मी सांगू शकत नाही, कशी दिसायची ते. मला शब्दच सापडत नाहीत. तुमच्या हाताला माहीत आहे." आणि मग एक अट घातली होती. "देवाजवळची वस्तू आहे. जीव घेऊन काढलेल्या केसाचा कुंचला तिला लागता कामा नये."

"तुम्ही निश्चिंत असा, शेटजी," वना छाती काढून म्हणाला होता. "आमच्या घरी खारीच्या शेपटाचा कुंचला करतात. खार जिवंत सुटते."

बोलून तर गेला होता. आणि त्यालाही आता पंधरा दिवस होऊन गेले होते. चित्र फडक्यात गुंडाळून तसंच पडलं होतं.

वना चौथ्या गल्लीतून पाचव्या गल्लीत गेला, पाचवीतून आग्रा रोडवर आला. चैत्राचं ऊन डोक्यात शिरत होतं. शाळेची पुस्तकं विकणाऱ्याकडे त्यानं दोन कुंचले बघितले, पाट्या रंगवणाऱ्याकडे एक बघितला. कुठेही पाच मिनिटं पाय ठरेना. एका रसवंतीवर बसला आणि रस यायच्या आधीच उठला. पांझरेच्या पुलापर्यंत गेला, कोरड्या पात्राकडे बघून परत फिरला. डोळे मिटले की तारादेवीचा चेहरा स्पष्ट समोर यायचा. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. त्या दिवशी सासूला बसल्या बसल्या डुलकी लागली होती, त्याचं ते हसू होतं. शेट सोडले तर जगात एवढ्या बारकाईनं ते आठवणारा तो एकटाच होता, आणि शेटला रेघ ओढता येत नव्हती.

ऊन कलताना वना पुन्हा हीरालालच्या पायरीवर उभा राहिला.

"ती डबी काढा," तो खाली बघत म्हणाला.

घरी आला तेव्हा त्याची बायको मंजुळाबाई ओट्यावर बसून कुंचला बांधत होती. अंगणात लिंबाखाली टोपली एका काडीवर टेकवून ठेवलेली, काडीला दोरी, टोपलीखाली चार शेंगदाणे. तीस वर्षं तिचा हा उद्योग होता. खार आत शिरली की दोरी ओढायची, फडक्यात धरायची, शेपटाचे मोजके केस कातरायचे, आणि सोडून द्यायची. मग केसांची टोकं एकसारखी जुळवायची, रेशमानं बांधायची आणि गळून पडलेल्या कबुतराच्या पिसाच्या नळीतून ओढून घ्यायची. केसाची टोकं कातरायची नाहीत. जन्मतः जे टोक असेल तेच कुंचल्याचं टोक. वनाच्या नावानं धुळ्यात जी बारीक कामं गाजली, ती सगळी या बाईनं बांधलेल्या कुंचल्यांनी झाली होती. हे वनाला ठाऊक होतं, पण तोंडानं म्हटलं मात्र कधी नव्हतं.

या पंधरा दिवसांत तिनं सहा कुंचले बांधले आणि वनानं सहाही फेकले. काल तर तो घरच्या अहिराणीत म्हणाला होता, "तुना बोटे म्हातारा व्हयी गयात. आते तुनाकडथून व्हत नही." ती रात्रभर कुशीवर पडून राहिली होती, आणि सकाळी उठून पुन्हा टोपली लावली होती.

"हाऊ सातवा," ती आता कुंचला पुढं करत म्हणाली.

"ठेव तठे." वनानं तो हातातसुद्धा घेतला नाही. तो थेट आतल्या खोलीत गेला, खिडकीशी पाट मांडला, काजळीचा रंग घोटला आणि डबी उघडली. शेटला शब्द दिलेला माणूस चोरासारखा आपल्याच घरात बसला होता. पहिल्यांदा कोऱ्या कागदावर, असं त्यानं मनाला समजावलं. भुवई जमली तर पुढचं बघू.

कुंचला टेकला. टोक केसाएवढं बारीक, रंग हवा तेवढाच धरलेला, कुठं नाव ठेवायला जागा नाही. आणि भुवई निघाली ती करवतीच्या दातांसारखी.

त्यानं दुसरी काढली. तिसरी काढली. मनगट पाटाच्या कडेला दाबून चौथी काढली. कागदभर वाकड्यातिकड्या भुवया जमल्या. जगातला सर्वांत चांगला कुंचला त्याच्या हातात होता, आणि तो कुंचला थरथरत होता.

"तुमना हात थरथरस," मागून मंजुळाबाई म्हणाली. ती दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"कुंचलाच..." वनानं सुरुवात केली आणि वाक्य तिथंच थांबलं.

"दिवाळीपासून थरथरस. चहानी बशी धरतस तवय माले दखास. तुम्ही आपला व्हयीसन सांगशात, आसं वाटे. पन तुम्ही मन्हा बोटेस्ले नावं ठेयात."

वनाला शरम वाटली. अशी शरम त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. पंधरा दिवस गल्ल्या धुंडाळल्या, हीरालालला छळलं, या बाईच्या तीस वर्षांच्या कामावर पाणी ओतलं, शेटचा शब्द मोडायला निघालो. आणि हे सगळं कशासाठी, तर हात गेला हे म्हणायची हिंमत नाही म्हणून. विलायती कुंचला त्यानं धुतला, पुसला, डबीत ठेवला.

"मन्हं चुकनं, भागानी माय," तो म्हणाला. भागा त्यांची लेक, जामनेरला दिलेली. तिच्या नावानंच तो बायकोला हाक मारी. "हात गया मन्हा. त्या पोरले आते तिनी माय कोन देई?"

मंजुळाबाईनं डोळ्याला पदर लावला, पण लगेच काढला. आत जाऊन तिनं कोपऱ्यात फेकलेले सहा कुंचले आणि सातवा, असे सगळे आणून पाटावर ठेवले.

"यामाईन निवडा. हात मी धरसू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, ऊन तापायच्या आत, दोघं खिडकीशी बसली. वनानं सातही कुंचले पाण्यात बुडवून झटकले. सातही नीट होते. त्यानं तिसरा उचलला, जो त्यानं सर्वांत जास्त शिव्या देऊन फेकला होता. मंजुळाबाईनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी पाटावर दाबून धरलं. भाकरी थापून थापून घट्ट झालेले हात ते. मनगट त्यांच्यात पकडल्यासारखं बसलं. फक्त बोटं मोकळी राहिली.

"श्वास सोडा," ती म्हणाली. "आते."

श्वास सोडला की पुढचा घेईपर्यंत एवढीशी उसंत मिळायची, तेवढ्यात एक रेघ. मग थांबायचं. मग पुन्हा एक रेघ. एका सकाळी गालांचा रंग बसला. दुसऱ्या सकाळी नाक, आणि ती डावी भुवई. मधेच तिचा हात भरून यायचा, मधेच वना चिडायचा, "दाबू नको इतली!" म्हणून खेकसायचा.

"कशी व्हती ती?" मंजुळाबाईनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"हासू दाबेल व्हतं तिनं. सासू घोरे म्हनीसन."

मंजुळाबाईला हसू फुटलं आणि मनगट हललं. वना ओरडणार, तेवढ्यात त्यालाही हसू आलं. ओठांची रेघ त्यांनी हसून झाल्यावर काढली.

डोळे सर्वांत शेवटी, पाचव्या सकाळी. दोन ठिपके, त्यांच्यावर पापणीची एक एक रेघ. दुसरी पापणी झाली आणि पांढऱ्या डागाच्या जागी तारादेवी बघायला लागली. मंजुळाबाईनं हात सोडला. वनाच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

वना चित्र घेऊन गेला तेव्हा हस्तीमल शेटच्या घरी मांडवाची गडबड होती. कुसुमलतेला आत बोलावलं. तिनं ओले हात आधी पदराला चांगले कोरडे केले, मग चित्र घेतलं. उजेडाकडे वळून ते डोळ्यांजवळ नेलं.

"ही हसतेय का, नाना?" तिनं वनाला विचारलं.

"हसू दाबतेय. तुझ्या आजीला बसल्या बसल्या झोप लागली होती म्हणून."

पोरगी हसता हसता रडायला लागली. चित्र तिनं दोन्ही हातांनी लांब धरलं, डोळ्यातलं पाणी त्यावर पडू नये म्हणून.

"आता नाही धुणार मी," ती म्हणाली.

शेटनं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे टिपले. मग म्हणाले, "वनाभाऊ, आता जावयाचं पण एक होऊन जाऊ द्या. काय हात आहे तुमचा!"

"हात राहिला नाही, शेटजी." वनानं हे पहिल्यांदाच परक्या माणसासमोर म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. "हे शेवटचं. कुंचला घरचा आहे, घरच्या बाईनं बांधलेला. आणि खरं सांगू? यातला निम्मा हातही तिचाच आहे."

परतताना तो हीरालालच्या दुकानापाशी थांबला. डबी फळीवर ठेवली.

"का हो? हा पण नापसंत?" हीरालालनं विचारलं.

"नाही. तुमचे सगळेच कुंचले चांगले होते," वना म्हणाला. "अकराच्या अकरा."

आखाजीच्या सकाळी गल्लीत झोके बांधले जात होते. भागा माहेराला आली होती आणि मैत्रिणींबरोबर गाणी म्हणायला गेली होती. वना ओट्यावर बसला होता. हातांना काही काम नव्हतं, म्हणून त्यानं ते मांडीवर एकावर एक ठेवले होते. मंजुळाबाई सवयीनं टोपली घेऊन लिंबाखाली आली, काडी टेकवायला वाकली आणि तशीच थांबली. तिनं वनाकडे बघितलं.

"नको," वना म्हणाला. "दाना टाक नुसता."

तिनं टोपली भिंतीशी उभी केली आणि मूठभर शेंगदाणे जमिनीवर टाकले. थोड्या वेळानं खार झाडावरून उतरली. रोजच्या जागी आली, टोपली दिसेना म्हणून जरा घुटमळली, मग एक दाणा उचलून तिथंच बसून खायला लागली. दोघं नवरा-बायको बघत राहिली. खारीनं सगळे दाणे संपवले, आणि कोणी न धरता, न सोडता, ती आपली आपण झाडावर निघून गेली.